उपकारस्तुतीची टोपली



आम्हां पांढुर्णा-सौंसरकडे आंबिया बहाराची संत्री उतरू लागली, कापसाची वेचणी सुरू झाली, की उपकारस्तुतीचे दिवस आले असे आपण म्हणतो. पण फळगळीने बाग रिती झाली, तर टोपलीत काय ठेवावे?

अनुवादाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली मनुष्य प्रथमफळांची टोपली देवापुढे आणतो. तेथे तो पीक किती आले हे सांगत नाही; मिसराच्या दास्यातून देवाने आपल्या लोकांना कसे सोडविले हे सांगतो. उपकारस्तुतीचा पाया पिकावर नव्हे, सुटकेवर आहे. बहार घटला तरी ख्रिस्ताने केलेली सुटका घटत नाही.

शिवाय तो आनंद एकट्याचा नाही. घरच्यांबरोबर लेवी आणि उपरी यांचाही त्यात वाटा आहे. मग आपल्या पंगतीत शेजारी व मित्रांसोबत संत्रे तोडणारे गडी आणि कापूस वेचणाऱ्या बाया असतील काय? मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा आहे (लेवीय १९:१३). म्हणून आधी त्यांची मजुरी चुकती करू, मग टोपली घेऊन मंदिरात जाऊ.

प्रभू आपणां सर्वांस कृतज्ञ अंतःकरण देवो. आमेन.