चिन्ह आणि देह

भोर-वेल्ह्याच्या गावांत दिवाळीला मुले अंगणात मातीचा राजगड किंवा तोरणा रचतात, आणि बालेकिल्ला कितीही नेटका साधला तरी माथ्यावर कागदी भगवा रोवेपर्यंत त्यांच्या लेखी तो गड झालेला नसतो. सज्जनहो, लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती ज्यांना जोडाव्याशा वाटतात, त्यांच्याही साधनेचे मर्म याच चिन्हात आहे. पावणेनऊ मीटर लांबीचे नॅट विमान 1:72 या प्रमाणात बारा सेंटिमीटरांचे होऊन तळहातावर मावते; पण पंखांवर वर्तुळ, शेपटीवर तिरंगी पट्टा आणि धडावर क्रमांक उमटत नाही तोवर तो नुसता आकार असतो, कोणत्याही देशाचा नसलेला.

ही चिन्हे डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील नक्षीच्या, रूपाने मिळतात. प्रतिकृतीच्या सुट्या भागांच्या किटसोबत येणाऱ्या तावावर उत्पादकाने निवडलेलीच दोन-चार विमाने असतात, त्यांत आपल्या हवाई दलाचे क्वचित असते. म्हणून एखाद्या छोट्या प्रकाशकाने वेगळा छापलेला ताव शोधत, परदेशातून मागवत, माणसे धीर धरून बसतात. हा धीर मला श्रद्धेचाच एक प्रकार वाटतो, कारण ज्याला कोणतेही चिन्ह चालते त्याला वाट पाहावी लागत नाही.

चिन्ह कोणाचे हे सांगते, तसेच ते केव्हाचे हेही सांगते. 1932 साली स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलाच्या पंखांवर आरंभी ब्रिटिशांचे तांबडे-पांढरे-निळे वर्तुळ होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्याच वैमानिकावर चालू नयेत म्हणून त्यातला तांबडा रंग काढला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले, आणि 1950 पासून आजचे केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ. त्या युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असलेल्या हरिकेन विमानावर हे आजचे वर्तुळ चिकटवले, तर चिन्ह सुंदर दिसेल आणि काळ खोटा ठरेल.

चिन्हाला असे महत्त्व देणे आपल्या मातीला नवे नाही. भोर तालुक्यातल्या रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला, त्याच्या शिक्षेचे शिवरायांचे 1646 चे पत्र प्रसिद्ध आहे, आणि त्यावर ती संस्कृत मुद्रा आहे, जी स्वतःला शहाजीपुत्र शिवाची म्हणवते व लोककल्याणासाठी शोभते असे सांगते. कागद तोच, शाई तीच. पण मुद्रा उमटली की त्या शब्दांमागे राज्य उभे राहते, आणि जे राज्य मागे उभे आहे त्याचे ब्रीदही त्या कागदाला पाळावे लागते.

म्हणून चिन्हाला पात्र देह लागतो. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या आकाशात एकट्याने झुंजत वीरगती पावलेले परमवीर चक्राचे मानकरी निर्मलजितसिंग सेखों यांचे नॅट एकआसनी होते. एअरफिक्स या कंपनीच्या किटमधले नॅट मात्र दोन आसनी, प्रशिक्षणाचे. त्यावर त्यांच्या अठराव्या स्क्वाड्रनची चिन्हे लावणे मला तरी मानवत नाही.

आणि देह पात्र असला तरी चिन्ह त्यात मुरावे लागते. डेकलची नक्षी एका पारदर्शक पापुद्र्यावर छापलेली असते. ती पाण्यात भिजवून, कागदावरून सरकवून, जागेवर बसवायची. पृष्ठभाग खरखरीत असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते, चंदेरी डाग दिसतात, आणि पाहणाऱ्याला चिन्हाआधी पापुद्राच दिसतो. म्हणून जाणते आधी चकचकीत वार्निश देतात, मग पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावतात, म्हणजे तो पत्र्याच्या सांध्यांतही उतरतो, आणि शेवटी वरून मंद वार्निशचा हात फिरवतात. वारकऱ्याच्या कपाळीचा गोपीचंदनाचा टिळाही असाच वागण्यात उतरावा लागतो. आतला खरखरीतपणा आधी घासून काढल्याशिवाय तो वरवरच राहतो.

1963 पासून आपल्या हवाई दलाच्या सेवेत असलेल्या मिग-21 ला 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला निरोप दिला गेला. या विमानाची प्रतिकृती जो आता करील, त्याने चिन्ह खरे ठरावे म्हणून ताव हाती आला तरी घाई करू नये. आधी त्याच क्रमांकाच्या विमानाचे, त्याच वर्षाचे छायाचित्र मिळवावे आणि प्रत्येक चिन्ह त्याच्याशी ताडून पाहावे, कारण ताव छापणाऱ्याकडूनही चूक होऊ शकते.