सातबाऱ्याबाहेरचे गाव

25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतली माणसे कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन जमली. कायद्याने ते जंगल सरकारचे होते. पण चुलीचे सरपण, गुरांचा चारा, घराचे वासे, भाताची रोपे टाकण्याआधी राब भाजायला लागणारा पालापाचोळा, सगळे त्या डोंगरावरूनच यायचे, आणि जंगल कायद्यांनी नेमकी तीच वाट अडवली होती. मिठाचा सत्याग्रह त्या वर्षी एप्रिलमध्ये झाला. पावसाळ्यात जंगल सत्याग्रहाचे लोण पुसद आणि बिळाशीसारख्या गावांत पसरले, आणि सप्टेंबरमध्ये ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, पनवेल तालुक्यातल्या चिरनेरला पोहोचले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले.

त्या आठांतली काही नावे मुद्दाम सांगतो. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी. मोठ्या जुईचे रामा बामा कोळी. कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी. शेतकरी, कातकरी, कोळी आणि गावची हजामत करणारा न्हावी, सगळे एकाच डोंगरावर एकाच मागणीसाठी उभे होते. कोणाच्या नावावर किती गुंठे, हा प्रश्नच तिथे नव्हता. ज्या जमिनीवर कोणाचेच नाव नाही तिच्यावर सगळ्या गावाचा वापराचा हक्क आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपल्या वस्तीचे काय व्हावे हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावे, या विचाराचा या भागातला सगळ्यात रुंद उच्चार मला याच दिवशी ऐकू येतो. पुढच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत तो विचार अधिक कायदेशीर आणि अधिक परिणामकारक झाला, पण त्याची रुंदी कमी होत गेली. सरकारने चिरनेरचेच नाव देऊन नवे शहर वसवायला घेतले आहे. अशा वेळी ही रुंदी परत मिळवणे मला सगळ्यात तातडीचे वाटते.

तो विचार 1930 मध्येही नवा नव्हता. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात समुद्राचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असत. एका बांधाआडच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून त्याची डागडुजी करायची, ही जोळाची पद्धत. उधाणाला बांधाला खांड गेली की ज्याचे शेत खांडीजवळ त्यानेच धावायचे असे नव्हते. खारे पाणी एकदा आत आले की सगळ्यांचेच शेत काही वर्षे नापीक होणार, हे सगळ्यांना माहीत असे. स्वातंत्र्यानंतर खारबंदिस्तीची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. हेतू चांगला होता, पण जोळ हळूहळू मोडत गेला आणि फुटलेल्या बांधासाठी अर्ज करणारा शेतकरी त्याच्या जागी आला. मला हा बदल मोठा वाटतो. काम करणारा आणि ठरवणारा समाज अर्जदार झाला की विकास त्याच्यासाठी होतो, त्याच्याकडून होत नाही.

मग नवी मुंबई आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली आणि 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी त्यासाठी घ्यायच्या ठरल्या. कल्पना उदार होती. मुंबईवरचा भार हलका व्हावा, सामान्य माणसाला परवडणारे घर मिळावे, असा तिचा हेतू होता. पण त्या नकाशावर आग्री-कोळ्यांची गावे आधीपासून असलेल्या वस्त्या म्हणून होती, शहर घडवणारे भागीदार म्हणून नव्हती. सिडको स्थापन होण्याच्या आदल्याच वर्षी, 1969 मध्ये, अमेरिकेत शेरी अर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. लोकांना माहिती देणे आणि त्यांचे मत विचारणे या पायऱ्या त्यांनी मधल्या, देखाव्याच्या गटात ठेवल्या. खरा अधिकार त्याच्या वर सुरू होतो. आपल्याकडची ‘हरकती व सूचना’ ही पद्धत याच मधल्या पायऱ्यांवर अडकलेली आहे. नकाशा आधी तयार होतो आणि लोक मागाहून हरकत घेतात.

या पद्धतीला रस्त्यावर उत्तर दिले ते जासईच्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनाने. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. या विजयाचे मोल कमी लेखणाऱ्याने तो काळ समजून घेतलेला नाही. जमीन गेली म्हणजे शेतकऱ्याचा तिच्याशी संबंध कायमचा संपला, ही तोवरची समजूत या आंदोलनाने मोडली. शहराच्या वाढीत मूळ रहिवाशाचा वाटा असतो हे देशाला पटवून देणाऱ्या पहिल्या लढ्यांत त्याचे नाव घ्यावे लागेल.

पण याच टप्प्यावर विचार अरुंदही झाला. हक्क मोजायचे माप सातबारा ठरले. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला टक्के. ज्याचे नाही, त्याचा प्रश्न मोर्च्यात निघाला तरी हिशेबात शेवटी आला.

चिरनेरच्या कुंभारवाड्याकडे पाहिले की हे स्पष्ट दिसते. इथली मडकी आणि गणपती पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. मडके घडायला काय काय लागते ते पाहा. आधी माती, आणि ती दुसऱ्याच्या शेतातून किंवा तळ्याकाठून येते. चाकावरून उतरवलेली मडकी सुकवायला मोकळे अंगण लागते, आणि ते बहुधा गावठाणाच्या कडेला असते. आवा रचायला पेंढा, पाला, सरपण लागते. आवा पेटला की धूर होतो, तेव्हा चार घरांनी तो सोसायची तयारी हवी. यातली एकही गोष्ट कुंभाराच्या सातबाऱ्यावर नसते, सगळ्या गावाच्या संमतीवर चालतात. उद्या त्याच्या घराला चोख मोबदला मिळाला आणि सातव्या मजल्यावर सदनिकाही मिळाली, तरी त्याचा धंदा त्या दिवशी संपला. नुकसानीच्या कोणत्याही तक्त्यात ही नोंद येत नाही, कारण कायद्याच्या भाषेत त्याने काही गमावलेलेच नसते.

शेव्याच्या बंदरासाठी तिथला शेवे कोळीवाडा उठवला गेला आणि तिथल्या कोळी कुटुंबांना उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात घरे मिळाली. त्या घरांना वाळवी लागली. भिंती, दारे, वासे पोखरले गेले आणि पुन्हा पुनर्वसन मागण्यात एक पिढी गेली. जागा निवडताना त्या कोळ्यांना बरोबर नेऊन जमीन दाखवली असती, चार जाणत्यांनी माती हातात घेऊन पाहिली असती, तर हे टळले असते असे मला वाटते. रहिवाशाचे ज्ञान हा विकासाचा कच्चा माल आहे. तो फुकट मिळत असताना नाकारण्याचा खर्च किती येतो, ते हनुमान कोळीवाड्यात दिसते.

2008 मध्ये हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेला. महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, विरोध करण्यासाठी एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे शेतकऱ्यांबरोबर उभी राहिली, आणि 21 सप्टेंबरला पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले. जमीन द्यायची का, हा प्रश्न सरकारी यंत्रणेने मतपेटी ठेवून विचारणे हीच मोठी घटना होती. तो सेझ पुढे उभा राहिला नाही. नाही म्हणण्याचा हक्क इथे प्रस्थापित झाला. मात्र मत होते ज्यांची जमीन जाणार होती त्यांचे. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईचे काय, हा प्रश्न तिथेही बाकीच राहिला.

नाही म्हणता येणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. पुण्याजवळ मगरपट्ट्यातल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली जवळजवळ चारशे एकर जमीन एकत्र करून, कंपनी काढून, स्वतःच शहर वसवले. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे समभाग. जमीनमालक नियोजक होऊ शकतो याचा तो भक्कम पुरावा आहे, आणि तरीही त्याचा पाया पुन्हा जमिनीची मालकीच. दुसरे टोक गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावी सापडते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये तिथल्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. हा अभ्यासगट मला फार मोलाचा वाटतो. लोकांना मत विचारायचे आणि विचार करायला वेळ, कागद, जाणकार काहीच द्यायचे नाही, तर विचारण्याला अर्थ उरत नाही.

2024 मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या, सुमारे 323 चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. नवनगराचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर. अटल सेतू त्याच वर्षी जानेवारीत खुला झाला होता, त्यामुळे मुंबई आता खाडीपलीकडे राहिलेली नाही. गावोगाव विरोधाच्या सभा झाल्या, हरकती दाखल झाल्या. किती टक्के परत मिळणार, हा प्रश्न या सभांत निघणारच आणि तो न्याय्य आहे. पण गावाने तिथेच थांबू नये असे मला कळकळीने वाटते.

प्राधिकरणाचा नकाशा येण्याआधी गावाने स्वतःचा नकाशा काढावा. त्यात अक्कादेवीचा डोंगर आणि तिथल्या आदिवासी वाडीची पायवाट असावी. कुंभारांची माती, आवा आणि वाळवणाचे अंगण असावे. उधाणाचे पाणी कुठवर येते ती रेघ, मासळी सुकवायची जागा, शाळा, स्मशान, गुरांचा रस्ता आणि गरजेपोटी बांधलेली घरेही असावीत. यातले काय हलवता येईल आणि काय मुळीच नाही, हे ग्रामसभेने ठरवून लेखी द्यावे. बचत गटांतल्या बायकांना नकाशाच्या कामात सुरुवातीपासून घ्यावे, कारण पाण्याची आणि सरपणाची वाट त्यांच्याइतकी कोणाला माहीत नसते. आर्किटेक्चर कॉलेजांची मुले मदतीला येतील, ती येतातच. आणि या ग्रामसभेची तारीख दिवाळीच्या आधीची ठेवावी, कारण दिवाळीनंतर वाड्यांतली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात.