पनवेल ते काशी : दूरपणाचे परिमाण

पनवेलजवळच्या सुकापूरहून काही किलोमीटरवर असलेला नवी मुंबई विमानतळ, ज्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, आणि काशीचा बाबतपूर विमानतळ यांतील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून काढलेल्या सर्वांत आखूड रेषेची लांबी, सुमारे 1,240 किलोमीटर भरते. ताशी 800 किलोमीटरच्या आसपास वेग असलेले जेट विमान थेट गेल्यास ते अंतर साधारण दोन तासांत तोडते. मात्र हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे जाताना साहाय्य आणि परतताना विरोध करतात, त्यामुळे रेषा तीच राहूनही काळ बदलतो. मग काशी पनवेलपासून किती दूर आहे?

वैशेषिक दर्शनाने नऊ द्रव्यांत दिक् आणि काल यांना वेगवेगळे स्थान दिले आणि दूरपणाला ‘परत्व’, जवळपणाला ‘अपरत्व’ असे गुण मानले. कालकृत परत्व म्हणजे वयाने मोठेपण, जे सूर्याच्या अधिक फेऱ्यांवरून ठरते. प्रवासाला लागणाऱ्या तासांशी त्याचा संबंध नाही. दिक्कृत परत्व मात्र मध्ये येणाऱ्या संयोगांच्या, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या स्थानांच्या, बहुलतेवर अवलंबून असते आणि पाहणाऱ्याच्या तुलना करणाऱ्या अपेक्षाबुद्धीतून उपजते. या दृष्टीने ‘काशी दोन तासांवर आली’ हे विधान सैल ठरते, कारण मधले संयोग एकानेही कमी झालेले नसतात. प्रवासी त्यांच्याशी जोडला जात नाही, एवढेच.

या जोडले जाण्याला धर्मशास्त्राने मोल दिले. पेणजवळच्या वरसईहून 1857 मध्ये उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे गंगेची कावड घेऊन परतले, तेव्हा त्या पाण्याचे पावित्र्य वाहणाऱ्याच्या वाटेवरील व्रतस्थपणाशीही बांधलेले होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तकही वाटेतील माणसांनी आणि गावांनी भरलेले आहे. वाहनाने गेल्यास यात्रेचे फळ उणावते, असा विचार तीर्थविषयक ग्रंथांत आढळतो. त्याचा अर्थ विमानाने जाणाऱ्या वृद्धेची यात्रा व्यर्थ, असा लावणे अन्यायाचे होईल, कारण श्रद्धेला शरीराच्या बळाची अट घालता येत नाही. तिला पायांखालून गेलेल्या प्रदेशाचे नाव घेऊन नमस्कार करता येतो, आणि तोही संयोगच आहे.

अधिक कठीण प्रश्न धावपट्टीखाली आहे. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, दहा गावांची वस्ती हलली. परत्व सापेक्ष असते हे तत्त्व येथे माणसांच्या आयुष्यावर उतरते, कारण ज्या बांधकामाने एकाला काशी जवळ केली, त्यानेच दुसऱ्याच्या अंगणाला कुंपणापलीकडे नेऊन ठेवले. आणि ते अंतर किलोमीटरांत मोजले तर अगदीच थोडे भरते.