गव्हाचा कण आणि प्रभूचे मेज



प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण दररोज पित्याजवळ भाकर मागतो. मराठी बायबल सिद्ध करणाऱ्यांनी हाच शब्द योजला, हे आम्हांला फार आवडते. भाकर म्हटली की आपल्यापैकी अनेकांना संगमनेर-राहात्याकडची बाजरी आठवते, ज्वारी आठवते, पेठ-सुरगाण्याकडची नागली आठवते. गव्हाची पोळी आपल्या आजी-आजोबांच्या ताटात सणावारीच यायची. आज आपल्या इंदिरानगरच्या घरांत सकाळी पोळी, डब्यात पोळी, संध्याकाळी मिसळीबरोबर पाव आणि मध्ये चहाला बिस्किट असते. गहू खाण्यात काही वाईट नाही. निफाडच्या गव्हावर अनेकांचे संसार चालतात. परंतु हाच गहू ज्यांना सोसत नाही अशी माणसे आपल्यातही आहेत, आणि त्यांच्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

पहिल्या कम्युनियनच्या तयारीच्या वेळी एका आईने आम्हांला हळूच विचारले, ‘फादर, हिला गहू वर्ज्य आहे. हिने ख्रिस्तशरीर स्वीकारायचे कसे?’ शेजारी बसलेल्या आजी लगेच म्हणाल्या, ‘अगं, देवाच्या प्रसादाने कधी कोणाला बाधते का?’ आजींची श्रद्धा मोठी आहे, पण त्यांचा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही.

आधी आजाराविषयी. सिलिॲक हा नखरा नव्हे, पथ्याची हौसही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो त्याच्यामुळे. सिलिॲक असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या, अन्नरस शोषून घेणाऱ्या बारीक केसाळ उंचवट्यांची झीज होते. मग मूल जेवते, पण अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे, असे त्याचे रूप. कधी यांतले एकच लक्षण दिसते. त्यावर अजून औषध नाही, आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच उपचार. रक्ताची तपासणी करून पुढे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. तपासणीआधीच कोणी गहू बंद करू नये, कारण मग खरे निदान होत नाही. घरात एकाला हा आजार निघाला तर आईवडील व भावंडांनीही तपासून घ्यावे.

गव्हाचा हा दोष हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उघड केला. त्यांना गव्हाची शंका आधीपासूनच होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तेथे उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची शंका बळावली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. भारतातही हा आजार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला, तर दक्षिणेत हजारात एकाला तो आढळला. उत्तरेत गहू अधिक खातात, दक्षिणेत तांदूळ. आपण मधले, आणि आपले ताट हळूहळू उत्तरेकडे सरकत आहे.

आता आजींचा प्रश्न. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून द्रव्य आणि गुण यांतला भेद आम्ही घोकला होता. अर्पणाच्या वेळी भाकरीचे द्रव्य पालटते व ते ख्रिस्ताचे शरीर होते, परंतु भाकरीचे रूप, चव, वास आणि शरीरावर होणारा परिणाम हे सारे तसेच राहते. तेराव्या शतकातील या संताने ही रूपे शरीराचे पोषणही करू शकतात, असे स्पष्ट प्रतिपादन केले आहे. जे पोषण करू शकते, ते बाधूही शकते. तेव्हा ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर एखाद्या मुलीचे पोट बिघडले तर तिचा विश्वास उणा पडला, असे कोणी म्हणू नये. ‘एवढासा तुकडा खा, देव सांभाळील’ हे म्हणणे तर मंदिराच्या शिखरावरून उडी मारण्याच्या मोहासारखे आहे. तो मोह प्रभूने स्वतः नाकारला.

मग तांदळाची होस्ट का चालत नाही? कॅनन ९२४ प्रमाणे भाकर केवळ गव्हाचीच असली पाहिजे. २४ जुलै २००३ रोजी, कार्डिनल रॅट्झिंगर प्रमुख असताना, रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने पत्राद्वारे खुलासा केला की ग्लुटेन पूर्णपणे काढलेली होस्ट ग्राह्य नाही, मात्र भाकर होण्यापुरते किंचित ग्लुटेन असलेली, गव्हाचीच होस्ट ग्राह्य आहे. १५ जून २०१७ च्या पत्रात उपासनाविषयक मंडळाने हेच पुन्हा सांगितले. हा नियम अनेकांना कठोर वाटतो. २००४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आठ वर्षांच्या एका मुलीने तांदळाच्या होस्टने घेतलेले पहिले कम्युनियन ग्राह्य नाही, असे तेथील धर्मप्रांताने ठरवले, तेव्हा पुष्कळ लोक दुखावले गेले. त्या आईचे दुःख आम्हांला कळते. तरीही प्रभूने शेवटच्या भोजनात जे हाती घेतले ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे ख्रिस्तसभा मानते, आणि आम्हीही तसेच मानतो. पण नियम वाचून दाखवला की धर्मगुरूचे काम संपत नाही. दार कोठे उघडे आहे, हेही त्याने दाखवले पाहिजे.

दारे दोन आहेत. पहिले, कमी ग्लुटेनची होस्ट. अमेरिकेतील मिसुरी राज्यात क्लाइड येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी बऱ्याच खटपटीनंतर जी होस्ट तयार केली, तिच्यात दहा हजार भागांत एक भाग इतकेच ग्लुटेन असते. ती बहुतेकांना सोसते, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तिच्यासाठी बिशपांची परवानगी लागते. दुसरे दार म्हणजे केवळ द्राक्षरसाच्या रूपात कम्युनियन. यात काही उणे पडत नाही. प्रत्येक रूपात ख्रिस्त पूर्ण आहे, हे ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली पुन्हा सांगितले. द्राक्षांच्या नाशकात तरी द्राक्षरसाचा संकोच कोणी करू नये!

मात्र प्याला वेगळा हवा. मुख्य प्याल्यात धर्मगुरू होस्टचा एक तुकडा घालतात, शिवाय होस्ट बुडवून कम्युनियन दिले तर गव्हाचे कण त्यात उतरतात. कमी ग्लुटेनच्या होस्टची डबीही वेगळी हवी, आणि ती देणाऱ्याने आधी साधी होस्ट हाताळलेली नसावी. एवढी काळजी आम्ही वेदीवर घेऊ.

वेदीखालची काळजी आपल्या सर्वांची. ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा यांत ग्लुटेन नाही. शेजारच्या काकूंचे उपवासाचे ताट या मुलांना बहुधा चालते, आपला नाताळचा फराळ मात्र चालत नाही. करंजी, शंकरपाळी, केक, सारे मैद्याचे! अडचण दडलेल्या गव्हाची असते. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सातूच्या पिठात गहू असतो, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून दळलेली ज्वारीही बाधते, म्हणून अशी घरे घरघंटी घेतात किंवा धान्य निवडून घरीच दळतात. त्या आईचा अर्धा दिवस यातच जातो. आणि वर आपण म्हणतो, ‘एक घास खाल्ल्याने काय होते?’ अन्नावरून आपल्या भावाचा नाश करू नका, असे संत पौल रोमकरांना बजावतात, ते याहून वेगळे काय आहे?

तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर बिस्किटांचा पुडा वाटण्याऐवजी राजगिऱ्याची वडी किंवा केळी सर्वांनाच द्यावीत, असे आम्ही शिक्षकांना सुचवले आहे. एकाच मुलीच्या हातात वेगळा पदार्थ ठेवू नये. महिला मंडळाने सणाच्या जेवणात भाताचे पातेले आणि त्याचा डाव पोळ्यांपासून दूर, वेगळ्या टेबलावर ठेवावा.

ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी संकोच न करता मिस्सापूर्वी साक्रिस्टीत येऊन सांगावे. बिशपांच्या परवानगीचा अर्ज आम्हीच लिहून देऊ. वेगळा छोटा प्याला येत्या रविवारपासून वेदीवर असेल, आणि त्यातून घेणाऱ्यांनी रांगेत सर्वांत पुढे उभे राहावे.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू