घाट चढतो कोण?

एम.ए.ला तत्त्वज्ञान हा विषय घेतला तेव्हा घरचे म्हणाले होते, याचा पुढे उपयोग काय? तीस वर्षे शाळेत काढली, त्यांतली शेवटची काही मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. पण या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नव्हते. गेल्या फाल्गुनात एका संध्याकाळी, इंदूरच्या विजयनगरातल्या आमच्या घरी, ते उत्तर द्यायची वेळ आली. आणि तीही एका पिकअप गाडीच्या इंजिनावरून.

आलेला गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. वय आता तिशीच्या पुढे. 2018 सालची डिझेल पिकअप त्याने जुनी विकत घेतली आहे. रात्री निमाडातून मिरची आणि भाजी भरायची, धामनोदच्या पुढचा विंध्याचा चढ चढायचा आणि पहाटेच्या लिलावाला इंदूरच्या चोइथराम मंडीत पोचायचे. परतताना इकडून सिमेंट नाहीतर लोखंड भरून तोच घाट उतरायचा, हा त्याचा धंदा. सौ.ने चहा ठेवला. त्याने कप हातात घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"सर, जामीन नकोय, उसने हवेत. 60 हजार. गाडीला मोठा टर्बो बसवायचाय. दिवाळीपर्यंत फेडतो."

मला टर्बो म्हणजे गाडीच्या पाठीमागे रंगवलेला एक शब्द एवढेच ठाऊक होते. त्याने समजावून दिले, आणि मान्य केले पाहिजे की माझ्यापेक्षा चांगला मास्तर त्याच्यात होता. इंजिनात डिझेल जळते, त्याचा तापलेला धूर जोराने बाहेर पडतो. त्या धुराच्या वाटेत एक छोटे चक्र बसवलेले असते. ते धुराने फिरते. त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक वेळा फिरतो! रुडॉल्फ डिझेलचे इंजिन 1897 मध्ये यशस्वी झाले आणि आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. ती प्रत्यक्षात नीट उतरायला त्याला आणखी वीस वर्षे लागली. 1925 च्या सुमारास इंजिनाची ताकद सुमारे 40 टक्क्यांनी वाढवून त्याने ती सिद्ध केली. हे सन मी नंतर शोधले. तत्त्व मात्र त्या संध्याकाळी विद्यार्थ्याकडून शिकलो.

आता अशा वेळी आमच्यासारख्यांच्या ओठावर जे येते तेच माझ्याही आले. "अरे, आहे त्यात समाधान मान. हाव कशाला?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "सर, चढावर माझ्या पुढे ट्रकांची रांग असते. ओव्हरटेक करायला ताकद पुरत नाही. लिलाव सुरू झाल्यावर पोचलो की भाव पडलेला असतो. मुलीची फी भरायची आहे. हाव म्हणजे नक्की कुठली?"

वाचकहो, मी गप्प झालो. समाधानाचा उपदेश बहुधा भरल्या पोटाचा माणूस रिकाम्या पोटाच्या माणसाला करतो. महिन्याच्या महिन्याला पगार खात्यात जमा होणाऱ्याने रात्री घाट चढणाऱ्याला अपरिग्रह शिकवावा यात कसली नीती? शिवाय ब्यूखीच्या युक्तीत मला पाप दिसेना. इंधनातील उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वाया जातो. त्या वाया जाणाऱ्यातून काही परत मिळवणे ही काटकसरच झाली. आपल्या आजीने ताकाची कढी केली, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे अधिक शक्ती हवी असे वाटण्यात दोष नाही. मग दोष असलाच तर कुठे?

"पैसे देतो," मी म्हणालो, "पण आधी तुझा मिस्त्री दाखव."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही देवास नाक्याकडच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्री साठीचे, मालव्यातलेच, बोलणे कमी. त्यांनी मला लाकडी स्टुलावर बसवले आणि दोन टर्बो समोर ठेवले, एक गाडीचा मूळचा आणि एक मोठा. मोठ्याचे चक्र हातात घेऊन पाहिले तर खरोखरच जड. मिस्त्रींनी सांगितले त्याचा सारांश असा.

मोठे चक्र फिरायला जास्त धूर लागतो. इंजिन वेगात असेल तर तेवढा धूर मिळतो आणि गाडी सुसाट सुटते. पण भरलेली गाडी घाटात खालच्या गिअरमध्ये रांगते, इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालते. तेवढ्या धुराने मोठे चक्र हलायलाच वेळ लावते. चालक पाय दाबतो, डिझेल जाते, हवा मात्र अजून आलेली नसते. म्हणून काळा धूर निघतो आणि आतली उष्णता वाढते. म्हणजे ज्या चढासाठी मोठा टर्बो हवा, नेमक्या त्याच चढावर तो कामाला येत नाही! सपाट मोकळ्या रस्त्यावर कामाला येतो. आणि तिथे या माणसाला घाई नाही.

"आणि समजा चाललाच," मी विचारले, "तर?"

मिस्त्रींनी हातातले फडके खाली ठेवले. "माट्साब, इंजन अकेला थोड़े ही घाट चढ़ता है. पूरी गाड़ी चढ़ती है. और उतरती भी पूरी गाड़ी है."

मग त्यांनी एकेकाची नावे घेतली. वाढलेला दाब आधी हेड गॅस्केट सोसते. वाढलेली उष्णता पिस्टन सोसतो. वाढलेली ओढ क्लचप्लेट सोसते, मग गिअरबॉक्स, मग मागचा ॲक्सल. यांतल्या कुणाचीच ताकद टर्बोबरोबर वाढलेली नसते. ब्रेक तर मूळचेच राहतात. पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा अंडाकृती मार्ग 2021 मध्ये सुरू झाला, तो आपल्याला वेगासाठी माहीत आहे. पण गाडी बनवणारा चाचणी घेतो ती सबंध गाडीची, एवढे वजन, एवढी ओढ, एवढ्या अंतरात थांबणे, असा सगळा हिशेब जुळवून. आपण एक आकडा बदलतो आणि बाकीचे तसेच राहतील असे धरून चालतो.

ब्रेकचे नाव निघाल्यावर कुणीच काही बोलले नाही. आगरा-मुंबई रस्त्यावरचा गणपती घाट आमच्या भागात कोणाला माहीत नाही? तिथे वर्षानुवर्षे माणसे दगावली ती चढावर ताकद कमी पडली म्हणून नव्हे. उतारावर भरलेल्या गाड्यांचे ब्रेक निकामी झाले म्हणून. अखेर 2024 मध्ये तो उतार टाळणारा नवा मार्ग काढावा लागला. ज्यांच्यावर त्या गाड्या आदळल्या, त्यांना कोणी विचारले नव्हते.

इथे मला माझा प्रश्न सापडला असे वाटते. एका अवयवाची शक्ती वाढवणे म्हणजे बाकीच्या अवयवांच्या नावावर कर्ज काढणे होय. कर्ज काढण्यात गैर नाही. ज्याच्या नावावर काढायचे त्याला न विचारता काढण्यात गैर आहे. कठोपनिषदातील रथाची कल्पना आपल्या परिचयाची आहे. आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, आणि विषय त्यांच्या वाटा. एवढ्या जणांत घोडे हे एक. घोडे दांडगे असावेत याला त्या ऋषीची हरकत दिसत नाही. त्याची काळजी आहे ती सगळे एकमेकांना धरून चालावेत याची. प्लेटोनेही न्यायाची व्याख्या शोधताना असेच काहीसे म्हटले, की प्रत्येक भागाने आपापले काम करावे आणि एकाने दुसऱ्यावर चढू नये. या दोघांनी मिळून जे सांगितले ते आमच्या मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितले.

कायदाही याच कारणाने आहे असे मला आता वाटते. मोटार वाहन कायदा 1988 च्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीच्या नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. आपण अशा नियमाला सरकारी जाच म्हणतो. पण घाटात समोरून येणाऱ्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या वतीने विचारणारे दुसरे कोण आहे? आणि काळ्या धुराचे काय? 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेले आमचे शहर; त्याच्या रस्त्यावरून शाळेत चालत जाणारे पोर तो धूर श्वासात घेणार. त्यालाही विचारलेले नाही.

मी हे सारे मोठ्या उत्साहाने माझ्या विद्यार्थ्याला सांगू लागलो. गॅरेजाबाहेर टपरीवर उभे होतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "सर, एक विचारू? मला त्या वेळी का नाही विचारलंत?"

कोणत्या वेळी, ते मला लगेच कळले.

तो नववीत होता तेव्हा मी त्याचा वर्गशिक्षक होतो. मुलगा बरा होता, मधल्या फळीतला. त्या वर्षी आम्ही निकाल वर काढायचे ठरवले आणि निवडक मुलांची विशेष तुकडी केली. सकाळी सहाला जादा वर्ग, संध्याकाळी पुन्हा. मी त्याचे नाव आग्रहाने घातले. त्याच्या वडिलांना अभिमान वाटला. पहिल्या चाचणीत फरक दिसेना, म्हणून मी अभ्यास वाढवला. तरी दिसेना, म्हणून आणखी वाढवला. पहाटे उठून तो आईला दुकानात मदत करतो, रात्री धाकट्या भावाला सांभाळतो, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते. दहावीला तो दोन विषयांत राहिला. मधल्या फळीतला मुलगा, आपल्या चालीने गेला असता तर पास झाला असता, हे मी तेव्हाही जाणत होतो. त्याने पुन्हा परीक्षा दिली नाही. मी ते मुलाच्या आळसाच्या खात्यावर मांडून मोकळा झालो.

टपरीवर मी त्याला एवढेच म्हणालो, "चुकलं माझं."

तो म्हणाला, "असू दे सर. चहा घ्या."

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. मिस्त्रींनी गाडी तपासली तेव्हा हवेची एक नळी चिरलेली निघाली; कोंबलेली हवा इंजिनात पोचण्याआधीच निसटत होती. मूळचा टर्बोही झिजला होता. त्याच मापाचा नवा टर्बो, नवी नळी आणि फिल्टर बसवले, आणि उरलेल्या रकमेत चारही चाकांचे ब्रेक आणि मागचे दोन टायर झाले. गाडी आता घाट पूर्वीसारखा चढते, म्हणजे नवी असताना चढत असेल तशी. ट्रकांची रांग ओलांडता येतेच असे नाही. काही पहाटे त्याला अजूनही उशीर होतो आणि भाव पडलेला मिळतो. त्याच्या अडचणी सुटल्या असे लिहिले तर ते खोटे होईल. पैसे तो हप्त्याने फेडतो आहे. दिवाळीपर्यंत फिटणार नाहीत, आणि मला घाई नाही.

माझ्याकडून मी एक केले. यंदा एप्रिलमध्ये विशेष वर्गाची यादी माझ्या टेबलावर आली. सही करण्याआधी मी त्यातल्या प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून विचारले: घरी कोण असते, उठतोस किती वाजता, झोपतेस कधी, आणि हा वर्ग तुला हवा आहे का? बहुतेकांनी हो म्हटले, आणि त्यांचा वर्ग जोरात चालू आहे. दोघांनी खाली मान घालून नाही म्हटले. त्यांची नावे मी खोडली. एकाचे वडील दुसऱ्या दिवशी तावातावाने शाळेत आले, "माझ्या मुलाला मागे का ठेवता?" म्हणाले. मी त्यांना बसवले, चहा मागवला, आणि त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. त्यांची समजूत अजून पटलेली नाही. पुढच्या शनिवारी ते पुन्हा येणार आहेत.