रिकामा रकाना

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत एका जिन्यावर समोरासमोर दोन दारं होती. डाव्या दाराआड एक जुना टर्नर राहत होता, उजव्या दाराआड एक तरुण फिटर. दोन्ही घरं एकाच साच्यातली. दोन खोल्या, एक मोरी, आणि गॅलरीत उभं राहिलं की लांबवर मलंगगड.

टर्नरची नोकरी सव्वीस वर्षांची, फिटरची दोन-अडीच वर्षांची. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की दोघे बरोबरच जिना उतरायचे आणि बरोबरच फाटकातून आत जायचे. पगाराच्या दिवशी मात्र टर्नरचं तोंड वाकडं व्हायचं.

सरकारी घराच्या भाड्याचा तेव्हाचा नियम असा होता. घर बांधायला आलेला खर्च धरून, त्याच्या सालीना सहा टक्क्यांवर जाणार नाही असं एक प्रमाण भाडं काढायचं. दुसरीकडे राहणाऱ्याच्या पगाराचा दहावा हिस्सा काढायचा. दोहोंत जे कमी असेल ते कापायचं. या जिन्यावर दोघांच्याही बाबतीत दहावा हिस्साच कमी भरायचा. त्यामुळे टर्नरचे जास्त कापले जायचे, फिटरचे कमी. दरसाल पगारवाढ झाली की भाडंही थोडं सरकायचं, आणि इस्टेट ऑफिसातला कारकून सगळ्या वसाहतीची आकडेमोड नव्याने मांडायचा.

"माझ्या नळाला तुझ्यापेक्षा जास्त पाणी येतं का रे?" टर्नर विचारायचा.

"नाही काका."

"माझ्या छताला कमी गळती आहे?"

"उलट जास्तच आहे, काका."

"मग मी जास्त का भरायचं?"

फिटर हसायचा. त्याला हसणं परवडत होतं.

फिटरच्याच शॉपमध्ये, त्याच्याच दिवशी लागलेला एक सोबती होता. तो रोज सायकलवरून उल्हासनगरहून यायचा. क्वार्टरच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव होतं, पण यादी हलत नव्हती. तो एका बराकीत भाड्याने राहायचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याण कॅम्पात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या लांबच लांब बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे उतरली, मध्ये पडदे लावून संसार मांडले, आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे पडद्यांच्या भिंती झाल्या. अशाच एका भिंतीपलीकडची अर्धी खोली या सायकलवाल्याला मिळाली होती. घरभाडे भत्ता मिळायचा, पण घरमालकाच्या हातावर त्याहून जास्त टेकवावं लागायचं.

जेवणाच्या सुट्टीत तिघं एकत्र बसायचे. टर्नर आणि फिटर भाड्यावरून वाद घालायचे. सायकलवाला मुकाट्याने भाकरी मोडायचा.

मग १९८७ साल आलं. चौथ्या वेतन आयोगाने सुचवलं होतं की पगाराचा हिस्सा काढत बसण्यापेक्षा घराला एक ठरावीक दर लावावा. १ जुलैपासून तसं झालं. आता पाहायचं ते घर किती मोठं आहे ते. आत राहणाऱ्याचा पगार नव्हे. त्या दिवसांत कारकून हातात टेप आणि काखेत वही घेऊन जिना चढला. आधी डाव्या घरात गेला, मग उजव्या. टर्नर दारात उभा राहून टेपचं टोक धरून होता. कारकून आकडा बोलला, की टर्नर तो मोठ्याने पुन्हा बोलायचा, साऱ्या जिन्याला ऐकू जावा म्हणून.

पुढच्या पगारचिठ्ठीत दोघांच्या भाड्याचा आकडा एकच आला. टर्नरने पेढे आणले.

"आता बरोबर झालं," तो म्हणाला. "भिंती सारख्या, भाडं सारखं."

फिटरने पेढा घेतला. त्याला तो थोडा कमी गोड लागला असावा. पण टर्नरचं बोलणं खोडून काढावं असं काही त्याला सुचलं नाही, आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

सायकलवाला म्हणाला, "माझी खोली मोजायला कधी येणार?"

सगळे हसले. तोही हसला.

यथावकाश टर्नर निवृत्त झाला, चावी देऊन गावी गेला. दिवस जातात तसे गेले. फिटरची मुलं त्याच दोन खोल्यांत शिकली, त्याच जिन्यावरून त्यांची लग्नं निघाली. दर तीन वर्षांनी भाड्याचा दर वाढायचा, पण किती? एखाद्या रविवारच्या मटणालाही पुरू नये इतका. फिटर वरच्या हुद्द्यावर गेला. मोठ्या प्रकारचं घर मिळत होतं, तरी तो हलला नाही. बाहेर अंबरनाथात आणि बदलापुरात इमारतींवर इमारती चढत होत्या, लोक भाड्याच्या नावाने कपाळाला हात लावत होते. फिटर पगारचिठ्ठी बघायचा, भाड्याच्या कपातीवर बोट ठेवायचा आणि बायकोला म्हणायचा, "एवढ्यात घर! आपण नशीबवान."

दरम्यान पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९७पासून, घरभाडे भत्ता ठरावीक रुपयांऐवजी पगाराच्या टक्क्यांनी मिळू लागला होता. मोठ्या शहराला जास्त टक्के, लहान गावाला कमी. फिटरला त्याचं काय? क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला भत्ता नसतोच.

त्यानंतर केव्हातरी यादी हलली आणि सायकलवाल्याचं नाव वर आलं. त्याने तंबाखूच्या पुडीच्या कागदावर काहीतरी हिशोब केला आणि क्वार्टर नको म्हणून लिहून दिलं.

सगळ्या शॉपने त्याला वेड्यात काढलं. फिटर तर चिडलाच. "अरे, इतकी वर्षं रडत होतास ना?" सायकलवाल्याने उत्तर दिलं नाही. त्याने कर्ज काढलं आणि बदलापूरला नदीच्या बाजूला, तळमजल्यावर, एक लहान घर घेतलं. सायकल विकली, लोकलचा पास काढला. लोक मात्र त्याला सायकलवालाच म्हणत राहिले.

२६ जुलै २००५ला उल्हास नदी त्याच्या घरात शिरली. गाद्या, रेशन, मुलांची दप्तरं, सगळं गेलं. सायकलवाला बायकामुलांना घेऊन फिटरच्या दारात उभा राहिला. त्या दोन खोल्यांत आठ दिवस दोन संसार झोपले. फिटरने तेव्हा तोंडाने काही म्हटलं नाही. मनात मात्र म्हटलं, बघ, माझं ऐकलं असतंस तर.

आता आपण थेट २०२० साली येऊ, कारण मधल्या वर्षांत सांगण्याजोगं एवढंच की फिटरचे केस पिकले.

त्या पावसाळ्यानंतर समोरच्या रिकाम्या घरासाठी एक मुलगी चौकशीला आली. कारखान्यात नुकतीच लागलेली, आयटीआय केलेली. तोंडाला मास्क, हातात फोन. फिटरने तिला घर दाखवलं, नळ सोडून दाखवला, गॅलरीतून मलंगगड दाखवला.

"भाडं ३७० रुपये," तो म्हणाला. "जुलैपासूनचा नवा दर. बाहेर या पैशांत गॅससुद्धा येत नाही. विचार कसला करतेस?"

"काका, ३७० नाही," मुलगी म्हणाली. "५,७७०."

फिटरला वाटलं पोरीची चूक होतेय. तिने फोनवर मांडून दाखवलं. तिचा मूळ पगार १९,९००. अंबरनाथ मुंबईच्या नागरी पट्ट्यात धरलं जातं, म्हणून भत्ता चोवीस टक्के. ते होतात ४,७७६. पण या वर्गात ५,४००पेक्षा कमी देत नाहीत. क्वार्टर घेतलं की ते ५,४०० बंद. वर ३७० कापणार.

"आणि तुमचं, काका?"

फिटर निवृत्तीला आलेला. मूळ पगार ५०,५००. मुलीने आकडा टाकला आणि फोन त्याच्यापुढे धरला. चोवीस टक्के म्हणजे १२,१२०. त्यात ३७०. एकूण १२,४९०.

फिटर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याच भिंती. तीच मोरी. पोरीला ५,७७० आणि त्याला १२,४९०. टर्नरकाकांनी पेढे वाटले त्या दिवशी दहावा हिस्सा पुढच्या दाराने गेला होता. तो मागच्या दाराने चौथ्या हिश्शाएवढा होऊन केव्हा परत आला, हे त्याला कळलंच नव्हतं.

रात्री त्याने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. त्यात वर्षावर्षाच्या पगारचिठ्ठ्या दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. माणूस नीटनेटका होता. त्याने एकेक उलगडली. भाड्याच्या कपातीजवळ जुन्या चिठ्ठ्यांवर त्याच्याच बोटाचा तेलकट डाग होता. आणि वरच्या बाजूला, मिळकतीत, घरभाडे भत्त्याचा रकाना. प्रत्येक चिठ्ठीत होता आणि प्रत्येक चिठ्ठीत रिकामा होता. इतक्या वर्षांत त्यावर बोट कधी पडलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो बदलापूरला गेला. लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती, म्हणून रिक्षाने गेला. सायकलवाल्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "तू जिंकलास रे. मी आयुष्यभर चुकीचा आकडा वाचला."

सायकलवाल्याने त्याला आत घेतलं. चहा झाला. मग तो त्याला आतल्या खोलीत भिंतीपाशी घेऊन गेला. रंगाखालून दोन आडव्या रेघा दिसत होत्या, एकीखाली एक.

"वरची २००५ची," तो म्हणाला. "खालची गेल्या वर्षीची. महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ना वांगणीजवळ, त्या रात्रीची. दोन्ही वेळा फ्रिज गेला, पीठ गेलं, कागद गेले. कर्जाचे हप्ते फेडताना धाकट्याचं कॉलेज सुटलं, ते तुला ठाऊक आहे. सकाळची कर्जत लोकल, संध्याकाळी तिला लोंबकळून परत. तुझा भोंगा वाजायचा तेव्हा तू घरात चहा पीत असायचास. मी तुझ्या त्या चहाचा हेवा करायचो. आता सांग, हे सगळं माझ्या कुठल्या चिठ्ठीत कापलेलं आहे?"

फिटर काही बोलला नाही.

"आणि ते आठ दिवस," सायकलवाला म्हणाला. "त्यांचं भाडं तू मागितलं नाहीस. मीही मांडलं नाही."

दोघे तसेच भिंतीकडे बघत उभे राहिले. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

टर्नर भांडला तो कापलेल्या आकड्यासाठी, फिटर खूश राहिला तोही कापलेल्या आकड्यावर, आणि टेप घेऊन आलेल्या कारकुनाने भिंतीपासून भिंतीपर्यंतचं सगळं इमानाने मोजलं. वाईट कुणीच वागलं नव्हतं. पण हातातून जातं ते चिठ्ठीत छापून येतं. हाती आलंच नाही ते छापायला कुणी नसतं, आणि दुसऱ्याने सोसलेलं तर आपल्या चिठ्ठीत येण्याचा प्रश्नच नाही. ते पाहायचं तर रिकाम्या जागेवर बोट ठेवावं लागतं, किंवा रिक्षा करून बदलापूरला जावं लागतं.

मार्चमध्ये फिटर निवृत्त झाला. नियमाने आणखी काही महिने राहता आलं असतं, पण मुलाने घेतलेल्या घरी जायचं ठरलं होतं. इस्टेट ऑफिसातून एक नवा कारकून आला. त्याने नळ मोजले, खिडक्यांच्या काचा मोजल्या, बल्बचे होल्डर मोजले आणि चावीची पावती दिली.

जिन्यात ती मुलगी उभी होती. तिचा निर्णय अजून झालेला नव्हता. "सगळे म्हणतात ऑर्डनन्सची कंपनी होणार," ती म्हणाली. "मग क्वार्टरचं काय होईल कुणास ठाऊक. आईला मात्र इथे बरं वाटेल. तिला जिना चढवतो, पण लोकल झेपत नाही. काका, तुम्हीच सांगा. घेऊ की नको?"

पूर्वीचा फिटर असता तर त्याने एका शब्दात सांगितलं असतं. त्याने खिशातून पावती काढली, ती उलटी केली, जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि पेन्सिलीने मध्ये एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, क्वार्टर. उजवीकडे लिहिलं, बाहेर. डावीकडे खाली ३७० लिहिले, त्याखाली ५,४०० लिहिले. मग थांबला. दोन्ही बाजूंना खाली बरीच जागा उरली होती.

"आईचं नाव कुठल्या बाजूला लिहायचं?" मुलीने विचारलं.

फिटरने पेन्सिल तिच्या हातात दिली आणि पिशवी उचलून जिना उतरू लागला.