न विचारता केलेली दुरुस्ती

आपलं लिखाण यंत्रानं कुठवर सुधारावं, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो जबाबदारीचा आहे.

वेबपानांचे दृश्य संपादक हातानं लिहिलेला कोड बऱ्याचदा जसाच्या तसा ठेवत नाहीत. ते तो वाचतात, स्वतःला समजेल तेवढा आराखडा मनाशी धरतात आणि त्यावरून कोड पुन्हा लिहून काढतात. अनोळखी खूण, रिकामी ओळ, 'हे हलवू नका' असा शेरा, यांतलं काहीही वाटेत गळू शकतं.

काशीगावातल्या एका केटररचं पान मी हातानं लिहिलं होतं. मालकानं दृश्य संपादकात फक्त फोन नंबर बदलला आणि 'अनुभवी आचाऱ्यांची टीम' झाली 'अनुभवी आचार्यांची टीम'. मराठीतला हा आडवा र पायमोडक्या र-नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. संपादकानं ते चिन्ह कचरा समजून झाडून टाकलं आणि स्वयंपाकी गुरू झाले. 'दऱ्या'चा 'दर्या' असाच होतो.

पळवाटा आहेत. खाली टिंब असलेला 'ऱ' वापरला की जोडचिन्ह लागत नाही. वर्डप्रेसमध्ये २०१८पासून हाताच्या कोडसाठी वेगळा ठोकळा आहे. पण कोड त्यात बंद केला, की मालकाला नंबर बदलायलाही माझ्याकडे यावं लागणार. दृश्य संपादक तर त्याच्यासारख्यांसाठीच आहे. माझ्या नीटनेटकेपणाची किंमत त्यानं का मोजावी?

म्हणून दुरुस्तीलाच विरोध मला पटत नाही. एकनाथांनीही ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पण पाठभेदांनी अशुद्धी शिरल्याचं कारण देऊन, शके १५०६ (इ. स. १५८४) अशी नोंद करून आणि स्वतःचं नाव घालून. त्यामुळेच 'एकनाथपूर्व' प्रतीचा शोध घेता येतो. राजवाड्यांनी १९०९ साली तशी म्हणून एक प्रत छापलीही. नोंद नसती तर वाद कुणाशी घालणार?

हे यंत्राला अशक्य नाही. १९९७ साली आलेल्या ड्रीमवीव्हरनं हातचा कोड न मोडण्याचं आश्वासन देऊनच गिऱ्हाईक मिळवलं. संपादकाकडून, मग तो यंत्र असो की माणूस, दोनच अपेक्षा आहेत: न कळलेलं तसंच राहू द्यावं आणि बदललेलं सांगावं. तेवढं झालं, तर पान मालकाच्या हाती द्यायला माझी हरकत नाही.